संमतीच्या अटी स्वतः लिहाव्यात की वकिलाकडून लिहून घ्याव्यात?

मुक्ता_क
परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्या मैत्रिणीने अटी स्वतःच टाइप केल्या आणि मला वाचायला दिल्या. म्हणाली, "भांडण नाहीच, मग वकील कशाला?" माझ्या घटस्फोटाच्या हुकुमात एक ओळ होती: 'वडील दोघांच्या सोयीने मुलाला भेटतील.' आम्हीच लिहिली होती, मोठ्या समजुतीने. पुढची तीन वर्षं त्या 'सोयी'वरून भांडलो. शनिवार की रविवार, आणायला कोणी यायचं, परीक्षा आली तर ती भेट बुडाली की पुढे ढकलली, कशाचाच उल्लेख नव्हता. शेवटी हुकुमाच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात दरखास्त केली, तर पहिलाच प्रश्न आला: हुकुमातलं नेमकं काय मोडलं? उत्तर देता येईना. मसुदा जाणकाराकडूनच करून घ्यावा.

रानवारा
नाही पटलं, ताई. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात, कलम 13 मध्ये, वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क धरलेलाच नाही. घरातलं भांडण घरच्या भाषेत मिटावं म्हणूनच ना? आम्ही पैसे मोजून मसुदा करून घेतला. चौथ्या पानावर आमच्या मुलाच्या जागी कुणाच्या तरी मुलीचं नाव! जुना मसुदा चिकटवून दिलेला. समुपदेशक बाईंच्या नजरेला आलं म्हणून निभावलं. मग आम्ही दोघांनी एका संध्याकाळी समोरासमोर बसून सगळं नव्याने लिहिलं. सहा वर्षं झाली, कोर्टाची पायरी चढलो नाही. मुलगा नव्या जागी पहिल्या रात्री झोपत नाही, हे कुठल्या वकिलाला ठाऊक असणार?

मुक्ता_क
ते तुम्हीच सांगायचं, पण अंमलबजावणीत टिकेल असं लिहायचं कोणी? कलम 13 हक्क नाकारतं, मदत नाकारत नाही. न्यायालय स्वतः न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा कायद्याचा जाणकार, नेमू शकतं, हेही त्याच कलमात आहे. घरी बसून मसुदा तपासून घ्यायला तर कुणाची परवानगीही लागत नाही. आणि कलम 19 वाचा: संमतीने झालेल्या हुकुमावर अपील नाही. चुकलेली ओळ गळ्यात पडते ती अशी.

हप्तेवाला
मी कर्जवसुलीत काम करतो, म्हणून एवढंच सांगतो. 'फ्लॅटचे हप्ते पती भरेल' असं लिहून बायका निर्धास्त होतात. कर्ज दोघांच्या नावावर असेल, तर तुमच्या आपसातल्या अटी बँकेला बांधील नसतात. त्याने तीन हप्ते थकवले की नोटीस तिलाही जाते, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, तिचाही घसरतो. तिचं नाव कर्जातून कधीपर्यंत निघेल, बँक तयार झाली नाही तर फ्लॅट विकायचा का, विकून आलेले पैसे कसे वाटायचे, हे मसुद्यात तारखांसकट हवं. स्वतः लिहिलेल्या कागदात हे मी एकदाही पाहिलेलं नाही.

रानवारा
घर, कर्ज, पोटगी यांचं मान्य. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, हेही खरं. पण मुलाच्या भेटीचं पान आईवडिलांनीच लिहावं, यावरून मी हटणार नाही. वकिलाने ते तपासावं, बदलू नये.

शमा
मधेच विचारते. दोघांचा एकच वकील चालतो का? माझ्याकडे फीपुरते पैसे नाहीत, नवऱ्याचाच वकील सगळं करतोय.

मुक्ता_क
शमाताई, त्या वकिलाच्या भरवशावर सही करू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. घटस्फोटाचा पहिला अर्ज झाला असला तरी घाबरू नका. हिंदू विवाह कायद्याखाली असाल, तर संमतीच्या घटस्फोटात दोनदा अर्ज करावा लागतो, आणि दुसऱ्या अर्जापर्यंत साधारण सहा महिने असतात. न्यायालय ते माफही करू शकतं, म्हणून वेळ दवडू नका. हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. जाताना मसुद्याची प्रत न्या, आणि जिथे 'योग्य वेळी' किंवा 'सोयीने' असं लिहिलं असेल, तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा.

रानवारा
आणि शमाताई, नावं तपासा. प्रत्येक पानावरची.