पेशवेकालीन वाड्याच्या भिंतीला लोणा: सिमेंटचा गिलावा काढावा का?

पेठकर:
पुण्यात सदाशिव पेठेतला दुमजली वाडा आहे. दगडी जोतं, वर पातळ विटांची चुन्यातली भिंत, भिंतीत सागवानी खांब. रस्त्याकडच्या बाजूला पूर्वी सिमेंटचा गिलावा झालाय. आता आतून तीन फुटांपर्यंत लोणा (ओलीबरोबर येणारे पांढरे क्षार) फुटतोय, बाहेरचा गिलावा पोकळ वाजतो. गवंडी म्हणतो, वॉटरप्रूफ केमिकल घालून परत सिमेंटच करू. करावं का?

चुनागच्ची:
सिमेंट अजिबात नको. जोत्यातून चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंट तिला कोंडतं. मग ती आणखी वर चढते आणि क्षार विटेच्या पोटात साठून तिचा दर्शनी पापुद्रा सुटतो. भिंतीवरून बोट फिरवल्यावर लाल पूड येत असेल तर तेच चाललंय.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. पेठांतले रस्ते थरावर थर चढून उंच झालेत. शनिवारवाड्याच्या तटाला खाली दगड, वर वीट दिसते. वाड्यांचंही तसंच, विटेनं जमिनीला टेकायचंच नाही. तुमचं जोतं किती इंच उरलंय? विटांचा पहिला थर रस्त्याला टेकला असेल तर भिंतीलगतची फूटभर फरशी-काँक्रीट काढून दगड उघडा करा, खडी भरा, पाण्याला भिंतीपासून लांब उतार द्या. पायाच्या तळापर्यंत मात्र खणू नका. पन्हळही बघा. हे राहिलं तर चुन्याचा गिलावाही झडेल.

सुरखी:
गिलावा छिन्नी-हातोडीनंच काढा, ब्रेकरनं विटा हलतात. सांधे पाऊण इंच खरवडा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून उचलून टाका; धुतलात तर क्षार परत आत जातात. एक उन्हाळा भिंत उघडी वाळू द्या.

माल: 1 भाग विरवलेला चुना, 1 सुरखी (विटांची पूड), 2 धुतलेली वाळू. कळीचा चुना किमान 15 दिवस पाण्याखाली हवा, नाहीतर न विरलेले खडे नंतर भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. सुरखी कमी भाजलेल्या विटेची घ्या, काळपट विटेची पकड धरत नाही. मालात जुन्या पद्धतीचं गूळ-बेलफळ नसलं तरी चालेल, सुरखीशिवाय नाही. भिंत भिजवून 10-12 मिमीचे दोन थर द्या, वर ओलं गोणपाट 7-10 दिवस.

पेठकर:
वरच्या मजल्यावर विटा मातीत बांधल्यात. तिथेही हाच माल?

चुनागच्ची:
नाही. तिथे सांधे खोल खरवडले तर माती गळते आणि वीट सुटते. निघालेलीच माती चाळून, थोडा चुना मिसळून दरजा भरा. आणि गिलाव्याआधी खांबांचे बुंधे तळखड्यापाशी (खांबाखालच्या दगडापाशी) पटाशीनं टोचून बघा. पटाशी सहज आत गेली तर तुळईला टेकू देऊन कुजका भाग कापा, सागाचाच जोड द्या.

सुरखी:
रंगही चुन्याचाच, पातळ तीन हात. ॲक्रिलिकनं ओल पुन्हा कोंडेल. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर बाहेरच्या भिंतीला हात लावण्याआधी परवानगी घ्या.