मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं सिलिकॉन मॉडेल, कोणी बनवलंय का?

अंबडचा_मोल्डवाला: नमस्कार मंडळी, अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, सील-गॅस्केटचं काम. परवा इन्क्वायरी आली, स्ट्रोकमधली गुठळी ओढून काढायची जी जाळी असते ती टेस्ट करायला पारदर्शक नळ्यांचं मॉडेल पाहिजे म्हणे. सरळ प्राण्यांवरच का नाही करत? आणि नळी सरळ दिली तर चालेल का, वाकडी केली की डायचा खर्च वाढतो ना राव

कॅथलॅबवाला_नाशिकरोड: सरळ अजिबात देऊ नका दादा. कवटीच्या तळाशी कॅरोटिडला, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला, एस सारखं वळण असतं, त्याच्या पुढची मेंदूतली मुख्य शाखा जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची. सरळ नळीतून कुठलीही जाळी गुठळी आणेल, वळणावर ओढताना जाळी ताणून चपटी होते आणि गुठळी तिथेच निसटते. २०१५ च्या ट्रायल्सनंतर हे उपचार सगळीकडे सुरू झाले पण हा त्रास अजून आहेच.

बायोमेडिकल_ताई: प्राण्यांवर पण करतात, पण डुकराच्या मेंदूखाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळंच असतं, कॅथेटर त्याच्या पलीकडे जात नाही. मग जिभेकडे, जबड्याकडे जाणाऱ्या धमन्यांत गुठळी सोडून काढतात आणि नंतर मायक्रोस्कोपखाली आतलं अस्तर खरवडलंय का बघतात, ते सिलिकॉनवर कधीच कळणार नाही. तुमच्या मॉडेलमध्ये ३७ डिग्रीचं पाणी पंपाने फिरवायचं आणि पुढे चाळणी लावून किती तुकडे वाहून गेले ते बघायचं. खरं तर नळीपेक्षा गुठळी महत्त्वाची, लाल पेशींची मऊ असते ती तुटते, फायब्रिनवाली (प्रथिनाच्या धाग्यांची) रबरासारखी, जाळीची पकडच बसत नाही, दोन्ही प्रकारच्या लागतात.

पंचवटीकर: मग मटणवाल्याकडून रक्त आणायचं का 😀

बायोमेडिकल_ताई: हसू नका, मेंढीचं रक्त खरंच वापरतात! फक्त घेतानाच सायट्रेट घालावं लागतं, नाहीतर भांड्यातच गोठतं. नंतर कॅल्शियम क्लोराईड टाकून हवं तेव्हा गोठवायचं. आणि दादा, डाय कशाला करताय, पीव्हीए प्लास्टिकचा कोअर (नळीच्या आतल्या पोकळीचा साचा) थ्रीडी प्रिंट करा, वरून सिलिकॉनचे थर द्या, कोअर पाण्यात विरघळतो. सिलिकॉन खऱ्या नसेपेक्षा चिकट असतं म्हणून पाण्यात थोडा लिक्विड सोप टाकतात.

अंबडचा_मोल्डवाला: हे भारी आहे, डायचं टेन्शनच गेलं. पार्टीकडून आधी सीटी अँजिओची (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनची) फाईल मागवतो. ४० शोअर कडकपणाचं सिलिकॉन पडून आहे, ते चालेल की अजून मऊ घेऊ?