'मदरबोर्ड गेला' म्हणण्याआधी

लॅपटॉपचा लाइट लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी, आणि दुकानदाराने पाच मिनिटांत 'मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) गेला' सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात हे कोणालाही ठरवता येत नाही, मीटर तरी लावावा लागतो!

आधी रॅम (तात्पुरत्या मेमरीची काढता येणारी पट्टी) बघा. चार्जर काढा, मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी पाय साध्या खोडरबरने हलकेच पुसा, भुगा झटका, तिरकी घालून दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'कट' होईपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, स्लॉट बदलून बघा. रॅम डीडीआर५ या नव्या प्रकारची असेल तर पहिल्यांदा एक-दोन मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, घाईने बंद करू नका. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडल्यावर चित्र आलं, तर बोर्ड चालू आहे. दोष बहुधा स्क्रीनच्या पॅनेलचा किंवा तिच्या आतल्या केबलचा.

लॅपटॉप दुकानात द्यायचाच असेल तर रॅम आणि एसएसडीवरच्या (डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हवरच्या) लेबलांचे सीरियल नंबर दिसतील असे फोटो काढा, पावतीवर ते लिहून घ्या. बदललेला जुना पार्ट परत मागा. 'नवी' एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तपासा: 'पॉवर ऑन अवर्स' (ती किती तास चालली) हजारात असतील तर ती वापरलेली आहे.

आणि दुकानदार विंडोज टाकायचे वेगळे पैसे मागत असेल, तर ते कशाला? विंडोज ८ पासून कंपनीने विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपची लायसन्स-की बायोसमध्येच (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) असते. तीच आवृत्ती टाकली की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. मदरबोर्ड बदलला तरच हा प्रश्न येतो.