डायोजेनिसच्या मेझोटिंटमध्ये दिवस कुठे आहे?

धरमपेठकर: आमच्या घरी आजोबांच्या काळापासून डायोजेनिसचे एक छापचित्र आहे. काच बदलायला नेले तेव्हा सीताबर्डीवरच्या फ्रेमवाल्याने ते मेझोटिंट या छपाईच्या पद्धतीचे असल्याचे सांगितले. हा ग्रीक तत्त्वज्ञ भर दिवसा दिवा पेटवून माणूस शोधत फिरे, अशी कथा आहे. चित्रात मात्र कपाळ, दाढी आणि बोटांची पेरे तेवढी उजळलेली असून बाकी सारे काळोखात बुडाले आहे. चित्रकाराने रात्र का दाखवली असावी?

शाईचा डाग: याचे उत्तर तंत्रात असावे. सतराव्या शतकात युरोपात रुजलेल्या या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर रॉकर नावाचे दातेरी हत्यार उभे, आडवे, तिरपे असे इतक्या वेळा झुलवतात की सारा पत्रा खरखरीत होतो आणि तसाच छापला तर कागदावर मखमलीसारखा गडद काळा उमटतो. मग उजेड हवा तिथे पत्रा खरवडून, घोटून गुळगुळीत करायचा, म्हणजे तिथे शाई कमी धरते. थोडक्यात, आपल्या डायोजेनिसच्या आधी अंधार तयार होता.

महालातला वाचक: तंत्राचे वर्णन अचूक आहे, पण निष्कर्ष पटत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रेनॉल्ड्स या चित्रकाराची कितीतरी व्यक्तिचित्रे याच पद्धतीने छापली गेली आणि त्यांत आकाशही आहे, मोकळा उजेडही आहे. शिवाय रात्र दाखवली तर कथेतली खोच जाते, कारण अंधारात दिवा घेऊन कोणीही फिरतो. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी अंगणात दिवा लावला तर ज्योतसुद्धा धड दिसत नाही, आणि गंमत त्यातच आहे. धरमपेठकर, दिवा कुठे धरला आहे आणि नाकाची सावली कोणत्या बाजूला पडली आहे, हे कृपया भिंगातून पाहून सांगाल का?

धरमपेठकर: पाहिले. दिवा कमरेपाशी आहे आणि नाकाची सावली खाली, मिशीवर पडली आहे. भुवयांखालची खोबणही काळीच आहे. दिव्याची काच खरवडून जवळजवळ पांढरी केली आहे, तरी तिच्या शेजारच्या झग्याच्या चुण्यांवर उजेडाची एक रेघसुद्धा नाही.

शाईचा डाग: मग माझे म्हणणे मी मागे घेतो. चेहऱ्यावरचा उजेड वरून आलेला आहे. तो दिव्याचा नव्हे, उन्हाचा आहे.