मदत हवी आहे: ओयाकोदोनमधलं अंडं पूर्ण शिजवूनही मऊ कसं ठेवायचं?

घरी ओयाकोदोन हा जपानी पदार्थ करते. चिकन आणि कांदा गोडसर रश्श्यात शिजवून वर फेटलेलं अंडं सोडायचं आणि सगळं गरम भातावर सरकवायचं. चव मनासारखी येते, अडतं फक्त अंड्यापाशी.

दोघांचं माप: हाड नसलेलं मांडीचं चिकन 200 ग्रॅम, अर्धा कांदा, 3 अंडी, 150 मिली दाशी (जपानी पातळ स्टॉक), 2 मोठे चमचे सोया सॉस. घरात मद्य चालत नाही, म्हणून मिरिनऐवजी (स्वयंपाकातलं गोडसर जपानी मद्य) दीड चमचा साखर. दाशी कोंबू (खाण्याचं समुद्री शेवाळ) आणि वाळवलेल्या शिताके मशरूमची. भात इंद्रायणीचा; तो छान चिकटसर होतो, त्यामुळे भाताचा पर्याय नको आहे.

जपानमध्ये अंडं वरून अर्धकच्चंच ठेवतात. तिथली अंडी कच्ची खाता येतील या हिशेबाने विकली जातात. आपल्याकडे तशी खात्री नसते, शिवाय खाणाऱ्यांत लहान मूल आहे, म्हणून कच्चं अजिबात नको.

अंडं कमी फेटून पाहिलं, दोन हप्त्यांत सोडलं, आच मंद करून झाकणही ठेवलं. तरी वरचा थर शिजेपर्यंत खालचा चिवट होतो आणि रस्सा पाण्यासारखा वेगळा सुटतो. भांडं 20 सेंमीचा नॉनस्टिक पॅन, गॅसवर. ओव्हन नाही.

अंडं सोडण्याआधी रस्सा किती आटवायचा? आणि दुसऱ्या हप्त्यानंतर गॅस चालू ठेवायचा, की बंद करून झाकणाच्या वाफेवर अंडं पूर्ण शिजतं?