चांदीची किटली आणि सोवळे

चांदीची चहादाणी ही निव्वळ श्रीमंतीची मिरवणूक होती, असे कुणी म्हटले, तर ते मला अर्धेच पटते. आमच्या खानापूरच्या घरी चांदीची एकच कपबशी होती आणि ती पाहुण्यांसाठी नव्हे, आजीसाठी होती. चिनी मातीचे भांडे एकदा उष्टे झाले की घासून शुद्ध होत नाही, धातूचे होते, या समजुतीमुळे चहा घरात शिरल्यावरही कितीतरी सोवळ्या घरांनी चिनी मातीला दारातच थांबवले. त्याच घराच्या मागच्या पडवीत वळचणीला खोचलेला कान तुटका कप गड्यासाठी असे, हेही लिहिलेच पाहिजे. त्या दोन कपांमधले अंतर चांदीच्या भावात मोजता येणार नाही. (चांदीचा कप ओठांना चटका देई, म्हणून आजी चहा बशीतच ओतून पिई.)

बेळगावच्या कॅम्पातून साहेबांच्या सामानातली म्हणून जी किटली कुणी दाखवतो, तिचा तळ आधी पाहावा. चालत्या सिंहाचा ठसा असेल, तर ती ९२.५ टक्के शुद्धतेची इंग्लिश चांदी. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरे असतील, तर तो निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला मुलामा. या मुलाम्याचे पेटंट १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी घेतले आणि मध्यमवर्गालाही चांदीचा थाट परवडू लागला. आमच्या घरी ‘साहेबाची चांदी’ म्हणून जपलेली किटली रिठ्याच्या पाण्याने घासून घासून तोटीपाशी पिवळट पडली, तेव्हा कुठे आम्ही ती उलटी करून पाहिली.