मदत हवी आहे: १९७२ चा धावपटू आणि आजचा धावपटू एकाच यादीत कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी,

शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतो. मुलगा हायस्कूलच्या क्रॉस कंट्री टीममध्ये आहे, यंदा त्याचं शेवटचं वर्ष. मोसम संपला की टीमचं निरोपाचं जेवण असतं. या वेळी कोचनी माझ्यावर एक काम सोपवलं आहे: शाळेच्या आजवरच्या दहा सर्वोत्तम धावपटूंची यादी करायची, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी. ती फलकावर लागणार आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच राहणार. तीन आठवडे जुन्या वह्या, कात्रणं, कोचच्या कपाटातले पिवळे पडलेले कागद चाळतोय. आकडे जमले, यादी काही जमेना.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही शर्यत ट्रॅकवर नसते. गवत, माती, चढउतार, पाऊस झाला असेल तर घोट्यापर्यंत चिखल. बहुतेक ठिकाणी अंतर ५ किलोमीटर, आमच्या इलिनॉयमध्ये ३ मैल. त्यामुळे एका मैदानावरची वेळ दुसऱ्या मैदानाच्या वेळेशी ताडून पाहता येत नाही.

आमच्या राज्यात एक सोय मात्र आहे. राज्य अजिंक्यपद १९७० पासून पिओरियाच्या डेटवायलर पार्कात होतं. १९७२ मध्ये लेबनन गावच्या क्रेग व्हर्जिनने तिथे ३ मैल १३:५०.६ मध्ये काढले. हा विक्रम मोडायला ४७ वर्षं लागली! २०१० मध्ये हायस्कूलच्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा एकाच मोसमात जिंकणारा लुकास व्हर्झबिकास त्याच मैदानावर धावला, त्यालाही तो मोडता आला नाही. शेवटी २०१९ मध्ये जॉश मेथनरने १३:४९.८६ नोंदवली. फरक पाऊण सेकंदाचा. त्यातही १९७२ ची वेळ हातातल्या घड्याळावरची. हातानं मोजलेली वेळ साधारण दोन दशांश सेकंदाने कमी भरते, कारण सुरुवातीला बोट उशिरा दाबलं जातं. मेथनर पुढे आहे हे नक्की. पण तेवढ्यावरून मोठा धावपटू तोच, असं म्हणायला माझं मन धजत नाही.

बुटांचा प्रश्न आणखी अवघड. २०२० च्या सुमारास नव्या फोमचे स्पाइक्स (तळाला खिळे असलेले बूट) आले आणि वेळा झपाट्याने खाली आल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिलला कॅलिफोर्नियातल्या न्यूबरी पार्क या एकाच शाळेची तीन मुलं ५ किलोमीटर १४:०६ च्या आत धावली, कॉलिन साल्मन १४:०३ मध्ये पहिला. २००० साली ऑर्लँडोला झालेल्या हायस्कूलच्या राष्ट्रीय अंतिम शर्यतीत डेथन रिट्झनहाइन १४:३५ मध्ये जिंकला होता. मग तो यांच्यापेक्षा अर्ध्या मिनिटाने कमी का? त्या दिवशी त्याच्या मागे दुसरा आलेला ॲलन वेब पुढच्याच मे महिन्यात ३:५३.४३ मध्ये मैल धावला आणि जिम रायनचा १९६५ पासूनचा हायस्कूल विक्रम मोडला. तिसरा रायन हॉल, त्याने पुढे अर्धमॅरेथॉनचा अमेरिकन विक्रम केला. अशांना मागे टाकणं आकड्यात कसं मांडायचं?

हे सगळं मला इतकं लागण्याचं कारण सांगतो. सप्टेंबरात एका मीटला सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ भेटले, आमच्याच शाळेचे माजी धावपटू. यादीचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "माझं नाव आहे का त्यात?" वेळेनुसार ते चौदावे येतात. पण त्यांच्या शेवटच्या वर्षात आमच्या लीगमधल्या एकाही मुलाला त्यांना हरवता आलं नव्हतं. मी "अजून काम चालू आहे" एवढंच बोलू शकलो. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

जाणकारांना माझे प्रश्न:

वेळ धरायची, की त्या त्या वर्षीच्या इतरांपेक्षा किती पुढे होता ते? हायस्कूलनंतरची कारकीर्द मोजायची का? व्हर्जिन पुढे १९८० आणि १९८१ मध्ये जागतिक क्रॉस कंट्री विजेता झाला. व्हर्झबिकासला २०१२ मध्ये सायकलच्या सरावात भीषण अपघात झाला. पुढचं धरलं तर एकाला बक्षीस आणि दुसऱ्याला अपघाताची शिक्षा, असं होईल. म्हणून मला वाटतं, फक्त शाळेतली चार वर्षं धरावीत. चुकत असेन तर सांगा.

*

प्रतिसाद:

मी नाशिककडे शाळेत असताना जिल्हा क्रॉस कंट्री धावले आहे. आमच्याकडे वेळ कुणी लिहूनच ठेवत नसे. कितवा नंबर, एवढंच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं. या खेळात टीमचे गुणसुद्धा वेळेवर ठरत नाहीत. पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज करतात, ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. खेळच क्रमांकावर उभा असेल तर यादी वेळेवर का उभी करायची?

मात्र दुसऱ्या क्रमांकापासूनचं अंतर धरू नका. एखाद्या वर्षी दुसराही तितकाच तगडा असतो, मग पहिल्यावर अन्याय होतो. तुमचं रिट्झनहाइनचं उदाहरण तेच सांगतं. दहाव्या किंवा विसाव्या क्रमांकापासूनचं अंतर घ्या, ते दरवर्षी फारसं हलत नाही. न्यूयॉर्कचे बिल मेलन 'स्पीड रेटिंग' काढतात, ३ सेकंदांना एक गुण. त्यातही एकट्या विजेत्याकडे न बघता शर्यतीतल्या एकूण मुलांच्या वेळा बघून मैदान त्या दिवशी किती जड होतं ते ठरवतात.

मुलींच्या यादीला हाच नियम जसाच्या तसा लावू नका, ही विनंती. शिक्षणात मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या अमेरिकन कायद्याआधी बहुतेक शाळांत मुलींच्या टीमच नव्हत्या. डोरिस ब्राउनने १९६७ पासून सलग पाच वर्षं जागतिक क्रॉस कंट्री जिंकली, पण मुलगी म्हणून तिला स्वतःच्या शाळेच्या ट्रॅकवर धावू दिलं जात नव्हतं. सुरुवातीच्या मुलींना हरवायला मोजक्याच मुली होत्या, हा त्यांचा दोष नाही. आणि मेलडी फेअरचाइल्ड बघा. १९९० ला हायस्कूलच्या त्याच राष्ट्रीय अंतिम शर्यतीत, सॅन दिएगोच्या बाल्बोआ पार्कातल्या टेकडीवर १६:३९, तिथे पुढची वीसहून अधिक वर्षं त्याच्या आत कुणी आलं नाही. मध्ये ही स्पर्धा काही वर्षं सपाट ऑर्लँडोला गेली, तिथे २००१ मध्ये अँबर ट्रॉटर १६:२४ धावली. स्पर्धा तीच, पण या दोन वेळा शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

*

धागाकर्ता:

मनापासून आभार. दहाव्या क्रमांकाची कल्पना रात्रीच वापरून पाहिली. ज्या वर्षांचे पूर्ण निकाल हाताशी आहेत तिथे ती छान चालते. ते गृहस्थ चौदाव्यावरून सहाव्यावर आले! २०२१ नंतरची दोन मुलं खाली सरकली. त्यातल्या एकाचे आईवडील आमच्या महाराष्ट्र मंडळातलेच आहेत, त्यांच्याशी मी स्वतः बोलेन.

मुलींसाठी आता वेगळा विचार करतोय. आमच्या शाळेची मुलींची टीम सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. शिवाय राज्यात त्यांचं अंतर बरीच वर्षं मुलांपेक्षा कमी होतं, म्हणजे जुन्या वेळांना तसाही आधार नाही. पहिल्या काही वर्षांतल्या मुलींची नावं फलकावर क्रमांक न देता, सगळ्यात वर लावावीत असं कोचना सुचवणार आहे.

अडलंय ते एका ठिकाणी. १९७० ते १९७८ मधल्या पाच मोसमांचे फक्त पहिले तीन क्रमांक कात्रणांत सापडले, दहावा कुठेच नाही. पिओरिया किंवा शिकागोच्या ग्रंथालयांत जुनी वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर कुणी पाहिली आहेत का? शनिवारच्या शर्यतीचे पूर्ण निकाल रविवारच्या अंकात येत की सोमवारच्या, एवढं जरी कळलं तरी माझे दोन शनिवार वाचतील. जेवण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे.